एका वेलीवर एकच भोपळा: महाकाय भोपळ्यासाठी कोणतं फळ ठेवायचं, कोणतं कापायचं

जुलैच्या मध्यावरची एक संध्याकाळ. परसात मी सुरी घेऊन उकिडवा बसलेलो, समोर एका वेलीवर तीन भोपळे, आणि फोनवर निफाडचे काका. आमच्याकडे ऑन्टारिओत साडेसात वाजलेले, तिकडे पहाटेचे पाच. काका बागेला पाणी द्यायला उठलेले. एक भोपळा मोसंबीएवढा, दुसरा बास्केटबॉलएवढा, तिसरा पाण्याच्या कळशीएवढा. व्हिडिओ कॉलवर तिन्ही दाखवून मी म्हटलं, यातला एकच ठेवायचाय.

"मग विचार कसला करतोस? मोठा ठेव, बारकी दोन तोड."

"काका, मोठाच तोडायचाय."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

काकांनी जन्मभर द्राक्षाची विरळणी केली, घडाघडातले मणी कात्रीने कमी केले. तरी त्यांना हे पटेना. "ते मणी असतात रे. हा आख्खा भोपळा आहे!" मलाही पहिली दोन वर्षं पटलं नव्हतं आणि त्याची किंमत मी मोजली. इथे अमेरिका, कॅनडा किंवा इंग्लंडमध्ये परस असलेली बरीच मराठी मंडळी हल्ली या नादाला लागली आहेत. बी लावणं, खत घालणं सगळ्यांना जमतं. अडतं ते इथेच: कोणता ठेवायचा, कधी ठरवायचं आणि बाकीच्यांचं काय करायचं. म्हणून हा लेख.

हा भोपळा कोणता

आपल्याकडचा लाल भोपळा, ज्याला कुणी डांगर म्हणतं, तो बहुतेक वेळा वेगळ्या जातीचा असतो. स्पर्धेतले महाकाय भोपळे 'कुकुर्बिटा मॅक्सिमा' या जातीचे, आणि त्यातही जवळपास सगळे 'अटलांटिक जायंट' या एकाच वाणाच्या कुळातले. कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या विंडसर गावच्या हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने तो निवडून-निवडून तयार केला आणि १९७९ ते १९८२ अशी सलग ४ वर्षं जागतिक स्पर्धा जिंकली. त्याच विंडसरमध्ये १९९९ साली तळ्यातली भोपळ्यांची शर्यत सुरू झाली. भोपळा पोखरायचा, आत बसायचं आणि वल्हं मारायचं. आपल्या लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीला नोव्हा स्कोशियात कुणी वेड्यात काढणार नाही.

वजनाची मजल कुठवर गेली ते एकदा बघून ठेवा. आमच्या ऑन्टारिओतल्या गॉडरिच गावच्या विल्यम वॉरनॉक यांचा १९०४ सालचा भोपळा ४०३ पौंडांचा, म्हणजे सुमारे १८३ किलोचा होता. तो विक्रम १९७६ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या रॉन वॉलेस यांनी २,००९ पौंडांचा भोपळा आणला आणि पहिल्यांदा २,००० पौंडांची रेघ ओलांडली गेली. २०२१ मध्ये इटलीत १,२२६ किलो, २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बेच्या काट्यावर १,२४७ किलो, आणि २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या पेटन या जुळ्या भावांचा १,२७८.८ किलो. यातला प्रत्येक भोपळा कुणीतरी जुलैत बाकीची फळं कापून राखलेला होता.

एकच का?

पानं साखर बनवतात आणि वेल ती फळांत वाटते. फळं तीन असतील तर वाटण्याही तीन. शिवाय वेलीला आपल्या स्पर्धेचं काही देणंघेणं नसतं. बिया पक्व झाल्या की तिचं काम झालं. म्हणून वाटेकरी आपणच कमी करायचे. निफाडात द्राक्षाची फुगवण व्हावी म्हणून मणी काढतात ते याच कारणासाठी. फरक इतकाच की घडात शंभर मणी राहतात आणि इथे एकच भोपळा राहतो, त्यामुळे चुकला तर सगळा हंगाम चुकला. म्हणून घाई नाही, पण रेंगाळायचंही नाही.

पायरी १: फळाआधी जागा ठरवा

निवड फळं लागल्यावर सुरू होते असं वाटतं, पण ती जूनमध्येच सुरू होते. ठेवायचं फळ मुख्य वेलीवरचंच हवं. बगलफुटीवर, म्हणजे मुख्य वेलीच्या बाजूने फुटणाऱ्या फांदीवर, लागलेली मादी फुलं दिसली की खुडून टाका. त्यांच्या मागे पानं कमी आणि वाट अरुंद.

मुख्य वेलीवरही कुठलंही पेर चालत नाही. बुंध्यापासून साधारण ३ ते ४.५ मीटरवर जे मादी फूल येईल त्यावर नजर ठेवायची. पहिलं मादी फूल बहुधा याच्या बरंच अलीकडे येतं. नवख्या माणसाला तेच सोन्यासारखं वाटतं, कारण वाट पाहून डोळे शिणलेले असतात. ते काढा. बुंध्याजवळ फळ धरलं तेव्हा वेल लहान असते, पानांचा पसारा नसतो, आणि सगळी ताकद फळाकडे गेल्याने वेलीची वाढही मंदावते. पुढे भोपळा फुगला की बुंध्यावरच रेलतो ते वेगळंच.

फार पुढेही जाऊ नका. सहा-सात मीटरवरच्या फुलाची वाट पाहिली तर अर्धा जुलै सरतो. उत्तर गोलार्धातल्या थंड भागात २० जून ते १० जुलै या दरम्यान सेटिंग झालं, म्हणजे परागीभवन होऊन फळ धरलं, तर ऑक्टोबरच्या वजनस्पर्धेपर्यंत नव्वदच्या आसपास दिवस मिळतात. तेवढे पुरतात.

या पट्ट्यात दोन, जमल्यास तीन मादी फुलं धरा. एकावर विसंबू नका. का, ते पुढच्याच पायरीत कळेल.

पायरी २: परागीभवन हाताने करा आणि तारीख लिहा

मादी फूल ओळखायला सोपं: पाकळ्यांखाली लिंबाएवढा इवलासा भोपळा आधीच बसलेला असतो. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी फुगते आणि टोकाला पिवळी पडते. तिच्यावर जाळीची पिशवी घाला. उद्या उमलणाऱ्या दोन-तीन नर कळ्याही अशाच झाका. सकाळी सहा-सातच्या सुमारास नर फुलाच्या पाकळ्या फाडून टाकायच्या, मधली परागांनी माखलेली दांडी मादी फुलाच्या आतल्या गोंड्याच्या प्रत्येक पाळीवर, म्हणजे फोडीवर, अलगद फिरवायची, आणि पिशवी पुन्हा घालायची. मधमाश्या हे काम करतातच, पण त्या कोणत्या फुलावरून आल्या ते सांगत नाहीत. आणि एखादी पाळी कोरडी राहिली तर त्या बाजूने फळ वाकडं होण्याची भीती.

त्या पाळ्यांवर या छंदातल्या लोकांची फार श्रद्धा. चार पाळ्यांचं फूल नको, पाचचं हवं, सहाचं मिळालं तर देवच पावला, असं बोललं जातं. मी मोजतो, वहीत लिहितो, आणि निवड करताना तिकडे बघत नाही. माझा सगळ्यांत मोठा भोपळा चार पाळ्यांच्या फुलाचा होता.

खुणेसाठी देठाशेजारी एक काडी रोवा आणि तिच्यावर तारीख लिहा. ही तारीख पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया आहे. परागीभवनाचा दिवस शून्य, तिथून दिवस मोजायचे. 'माझा भोपळा २० जुलैला एवढा होता' याला अर्थ नाही. 'विसाव्या दिवशी एवढा होता' याला आहे.

पायरी ३: पहिला आठवडा हात बांधून बसा

सेट न झालेलं फळ चार-सहा दिवसांत पिवळट पडतं, टोकाकडून सुरकुततं आणि गळतं. सेट झालेलं फळ तुकतुकीत दिसतं, मान टाकून खाली झुकायला लागतं आणि रोज नजरेला मोठं दिसतं. पारा ३२ अंशांच्या वर गेला की गळ वाढते. उष्ण लाटेत लोक फुलाभोवती थर्माकोलचा खोका उभा करून आत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवतात. मीही ठेवतो. शेजारच्या कॅनेडियन आजींनी एकदा विचारलं, भोपळ्याला ताप आलाय का?

या आठवड्यात काही कापायचं नाही. दोन-तीन फळांमागे एखादं आपोआप जातं, आणि तुम्ही घाईने बाकीची कापून ठेवलेली असतील तर हातात काहीच उरत नाही.

पायरी ४: देठाचा कोन

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. मी पहिल्या वर्षी दिला नाही.

भोपळा वेलीला देठाने जोडलेला असतो. वरून बघा: देठ वेलीला काटकोनात आहे का? काटकोन किंवा त्याच्या जवळपास असेल तर उत्तम. देठ वेलीला चिकटून, तिरका, चिंचोळ्या कोनात निघालेला असेल तर धोका. कारण भोपळा फक्त पुढे वाढत नाही, मागेही वाढतो. देठाच्या दोन्ही बाजूंनी त्याचे खांदे वर येतात. चिंचोळ्या कोनात एक खांदा थेट वेलीवर जाऊन आदळतो. मग भोपळा वेलीला ढकलतो, वेल देठाला ओढते, आणि देठ वेलीपासून फाटतो किंवा भोपळ्याच्या बाजूने त्याला चीर जाते.

पहिल्या वर्षी मी बुंध्यापासून दोन मीटरवरचा, सगळ्यांत आधी लागलेला, सगळ्यांत मोठा भोपळा ठेवला. कोन असेल पस्तीस-चाळीस अंशांचा. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मी फुशारक्या मारत होतो. एका सकाळी पाणी द्यायला गेलो तर देठाखाली चिकट पाण्याचा ओघळ. बोट लावलं, बोट आत गेलं. रात्रीतून खांद्याने वेल उचलली होती आणि देठ अर्धा सुटला होता. दोन दिवसांत त्यावर बुरशी धरली. मी कापून ठेवलेला दुसरा भोपळा छान काटकोनात होता, पुढे चार मीटरवर. तो तेव्हा 'लहान' होता.

कोन वाईट असेल तर थोडा सुधारता येतो, पण फळ टेनिसच्या चेंडूएवढं असल्यापासूनच सुरुवात करावी लागते. भर दुपारी किंवा ऊन उतरताना करा. तेव्हा वेल उन्हाने ढिली झालेली असते. सकाळी ती पाण्याने टरारलेली असते आणि काकडीसारखी कटकन मोडते. रोज दोन-तीन सेंटिमीटर, जास्त नाही. फळ सरकवायचं, वेलीला दोन्ही बाजूंनी बांबूच्या काड्यांचा आधार द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. वेलीला फळापासून दूर जाईल असा हलका बाक देता आला तर खांद्यांना जागा मिळते. भोपळा बाकाच्या बाहेरच्या अंगाला हवा, आतल्या नव्हे.

पेरापेराला वेल मुळ्या सोडते आणि जमिनीत रुतते. एरवी ते चांगलंच, पण ज्याला ठेवायचं ठरलं त्याच्या दोन्ही बाजूंची दोन-तीन पेरं मोकळी ठेवा, तिथल्या मुळ्या कापा. भोपळा गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत वाढतो, तसा देठही वर जातो. वेल जमिनीला बांधलेली असेल तर ती वर कशी जाणार? त्या जागेजवळून निघणारी बगलफूटही काढून टाका, नाहीतर भोपळा तिच्यावरच बसतो.

देठाची लांबीही पाहा. लांब देठ थोडं चुकलं तरी सांभाळून घेतो. आखूड आणि जाड देठ दिसायला दणकट, पण त्याला हलायला जागाच नसते. दोन फळं बाकी सगळ्यात सारखी असतील तर मी लांब देठाचं ठेवतो.

पायरी ५: शिंप्याची टेप

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. कळशीएवढा का कापला?

सहाव्या-सातव्या दिवसापासून रोज संध्याकाळी एकाच वेळी प्रत्येक फळाचा घेर मोजा. कापडी टेप घ्या, लोखंडी नको, सालीला ओरखडा येतो. देठापासून फुलाच्या टोकापर्यंत, जमिनीला समांतर असा पूर्ण वेढा. वहीत प्रत्येक फळाचा वेगळा रकाना आणि पुढे दिवस.

त्या वर्षीची माझी वही अशी होती. 'अ' हा कळशीवाला, २७ जूनचा. 'ब' हा बास्केटबॉलवाला, ३ जुलैचा. दहाव्या दिवशी 'अ'चा घेर ४६ सेंटिमीटर होता, 'ब'चा त्याच्या दहाव्या दिवशी ५३. तेराव्या दिवशी 'अ' ६१, 'ब' ७४. म्हणजे 'अ' रोज ५ सेंटिमीटर वाढत होता आणि 'ब' ७. त्या संध्याकाळी परसात शेजारी-शेजारी 'अ' मोठा दिसत होता, कारण तो सहा दिवसांनी थोरला होता. वहीत मात्र तो मागे पडला होता.

७ सेंटिमीटरचा फरक किरकोळ वाटला तर आकारमानाचा हिशेब करून पाहा. घेर वाढला की आकारमान घनाच्या पटीत वाढतं. ५३ भागिले ४६ म्हणजे सुमारे १.१५, त्याचा घन दीडच्या वर जातो. एकाच वयाला 'ब' हा 'अ'च्या दीडपट होता.

"पण सहा दिवस वाया गेले ना?" हे काकांनी विचारलंच, आणि प्रश्न बरोबर होता. उत्तर असं की हे सहा दिवस शेवटचे जातात, मधले नाहीत. भोपळ्याची खरी फुगवण साधारण विसाव्या ते चाळिसाव्या दिवसांच्या दरम्यान होते. नामांकित लोकांच्या भोपळ्यांनी या काळात एका दिवसात २० किलोहून जास्त वजन धरलं आहे. साठ दिवसांनंतर वाढ खूप मंदावते. उशिरा सेट झालेल्या फळालाही हे मधले वीस दिवस पूर्ण मिळतात. त्याचे कमी होतात ते सप्टेंबर अखेरचे, जेव्हा रोजची भर तशीही थोडीच असते. म्हणून पाच-सात दिवसांचा फरक असेल तर मी वाढीचा वेग बघतो. फरक पंधरा दिवसांचा असेल आणि तुमच्याकडे थंडी लवकर पडत असेल, तर थोरल्याला झुकतं माप द्या.

दोन रकाने अगदी सारखे आले तर? तर कोनाकडे परत जा. वेग सारखा असताना वाईट कोनाचं फळ ठेवणं म्हणजे हातातला रुपया विहिरीत टाकणं.

पायरी ६: रूप

टेप ठेवून आता नुसतं बघा. उंचट, गोल किंवा किंचित लांबोडकं पोर (म्हणजे कोवळं फळ) चपट्या पोरापेक्षा बरं, कारण चपटं पुढे चाकासारखं पसरतं आणि त्याला उंची मिळत नाही. शिरा उथळ हव्यात. खोल शिरा दिसायला देखण्या, पण जोरात फुगवण होताना तडा जातो तो बहुतेक त्या खाचेतच.

साल तुकतुकीत म्हणजे वाढ चालू. बाकीची चमकत असताना एखादं मेणचट आणि निस्तेज दिसलं तर टेप लावा. वेग घसरलेला सापडेल. फुलाकडचं टोक, जिथे पाकळ्या होत्या ती जागा, लहान आणि मधोमध असावी. मोठं, पसरट, वेडंवाकडं टोक हा भोपळ्याचा कच्चा दुवा.

सालीच्या रंगाचा वजनाशी संबंध जोडू नका. नारिंगी असो वा फिकट पिवळा, काट्याला ते कळत नाही. घरात मुलं असतील तर ती नारिंगीच मागतील आणि तुम्हाला ऐकावं लागेल, ती गोष्ट वेगळी.

बियांच्या वंशावळीचा इथे थोडा उपयोग होतो. या छंदात बियांना नाव देतात ते वजन आणि उत्पादकाच्या आडनावावरून, जसं '२००९ वॉलेस', म्हणजे वॉलेस यांच्या २,००९ पौंडांच्या भोपळ्याची बी. तुमच्या बियांच्या कुळात लांबोडके भोपळे होत असतील तर लांबोडकं पोर बघून घाबरू नका.

एक नियम आत्ताच ध्यानात घ्या. स्पर्धेत भोपळा सडलेला चालत नाही, आणि भोक किंवा चीर आतल्या पोकळीपर्यंत गेलेली असेल तर तो बादच होतो, वजन कितीही भरो. म्हणून आज देठापाशी बारीक चीर किंवा मऊ डाग असलेलं फळ सगळ्यांत वेगाने वाढत असलं तरी माझ्याकडून ते कापलं जातं.

पायरी ७: सुरी

कधी? सेटिंगपासून दहाव्या ते अठराव्या दिवसाच्या दरम्यान. तोवर वेगाचा अंदाज येतो आणि वेलीचं फार काही खर्ची पडलेलं नसतं. तीन असतील तर आधी सगळ्यांत वाईट काढा, तीन-चार दिवसांनी दुसरं.

दुसऱ्या वर्षी मला हे झेपलं नाही. दोन सुंदर भोपळे होते आणि मी 'अजून आठवडाभर बघू' म्हणत ऑगस्ट गाठला. शेवटी चाळीसेक किलोचा झालेला एक कापला. तिसऱ्या दिवशी उरलेला देठापासून टोकापर्यंत उभा तडकला. मधे जोराचा पाऊसही झाला होता, त्यामुळे सगळा दोष मी सुरीला देत नाही. पण एवढी मोठी वाटेकरीण अचानक निघून गेली की तिचा सगळा वाटा उरलेल्याकडे धावतो, आणि फुगवणीच्या ऐन भरात साल तेवढी ताणली जात नाही, असं या छंदातले जुनेजाणते सांगतात. मी आता जुलैतच मोकळा होतो.

कापताना फळ पिरगाळू किंवा ओढू नका, वेल सोलली जाते. धारदार, पुसलेल्या सुरीने देठ वेलीपासून दोन-तीन बोटं सोडून कापा. सकाळी कापा, म्हणजे जखम दिवसभराच्या उन्हात सुकते. पाऊस यायचा असेल तर एक दिवस थांबा. जखमेवर पाणी पडू देऊ नका.

घालमेल होत असेल तर राखीव फळ नव्हे, राखीव रोप ठेवा. जागा असेल तर दोन रोपं, प्रत्येकावर एक फळ. एका वेलीवर दोन भोपळे ठेवून विमा उतरवल्यासारखं वाटतं, पण शेवटी दोन मध्यम भोपळे हातात येतात आणि काट्यावर एकच चढतो.

उरलेल्या एकासाठी लगेच

निर्णय झाला त्याच आठवड्यात त्याच्याखाली बैठक करा: बारीक वाळूचा थर किंवा पाणी निचरणारं जाड कापड. पंचवीस-तीस किलोचा झाला की मग तो एकट्याने उचलवत नाही, आणि उचलायला गेलात तर देठ तुटेल. वर पांढरी चादर सावली म्हणून टाका. उन्हाने साल लवकर निबर होते आणि निबर साल तडकते. मी आईने पाठवलेली सोलापुरी चादर टाकली होती. आईला अजून सांगितलेलं नाही.

घेर दीड मीटरच्या पुढे गेला की नुसता वेढा पुरत नाही. तीन मापं घ्या: जमिनीला समांतर घेर, जमिनीपासून वरून पलीकडच्या जमिनीपर्यंत देठाकडून टोकाकडे, आणि तसंच डाव्या अंगाकडून उजव्या अंगाकडे. या तिन्हींची बेरीज करून वजनाचा अंदाज देणारे तयार तक्ते मिळतात. काट्यावर भोपळा तक्त्यापेक्षा जड निघतो किंवा हलका, कारण आतला गर किती जाड आहे ते बाहेरून दिसत नाही. माझा 'ब' ऑन्टारिओतल्याच पोर्ट एल्गिन गावच्या स्पर्धेच्या काट्यावर ३४१ किलो भरला, तक्त्याहून थोडा जास्त. विक्रमाच्या पासंगालाही पुरत नाही, पण काकांना फोटो पाठवला तेव्हा त्यांनी तो गावभर दाखवला आणि कळशी कापायचा सल्ला आपलाच होता असं सांगितलं.

कापलेल्या पोरांची भाजी होते, पण वेलीवर किंवा मुळाशी कीडनाशक घातलं असेल तर खाऊ नका, खतात टाका. चवीच्या फार अपेक्षा नकोत. हा वाण वजनासाठी घडवलेला आहे, घारग्यांसाठी नाही.

आणि सुरी लगेच जागेवर ठेवू नका. वेल सप्टेंबरपर्यंत नवी मादी फुलं काढत राहते, विशेषतः बगलफुटींच्या शेंड्यांकडे, मोठ्या पानांच्या छत्रीखाली. आठवड्यातून दोनदा पानं बाजूला सारून पूर्ण वेल बघायची आणि कळी दिसली की खुडायची. गेल्या वर्षी मला वाटलं मी सगळं बघितलंय. सप्टेंबरच्या शेवटी भुरीने, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीने, पानं वाळली तेव्हा कुंपणाच्या कोपऱ्यात एक भोपळा निवांत बसलेला दिसला. बारा किलोचा, काटकोनी देठाचा, एकही खोल शीर नाही.